मुलांचे वाचन आणि घड्याळ

मुलांना जलद वाचायला शिकवावे की नाही, हा प्रश्न घराघरांतून आणि शाळांतून विचारला जातो तेव्हा जलद वाचन म्हणजे काय हे बहुधा गृहीतच धरलेले असते; मिनिटाला अमुक शब्द हे माप एकदा मान्य झाले की मूल त्या मापात बसते की नाही एवढेच पाहायचे उरते. प्रस्तुत भाषणाचा आग्रह एकाच मुद्द्याचा आहे आणि तो आरंभीच मांडलेला बरा : वेग सुटा काढून शिकवता येत नाही, मुलाची शब्दांशी, वाक्यांशी आणि विषयाशी ओळख वाढवता येते, आणि ओळख वाढली की वेग तिच्यामागून येतो.

वाचताना डोळा ओळीवरून संथपणे सरकत नाही, तर उड्या मारत आणि थांबत पुढे जातो, ही गोष्ट १९व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फ्रेंच नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांमुळे ठळकपणे पुढे आली. दोन उड्यांमधला थांबा सुमारे पाव सेकंदाचा असतो आणि अक्षरे ओळखण्याचे काम या थांब्यातच होते. उडी चालू असताना डोळा जवळजवळ काहीच टिपत नाही. बारीक अक्षर स्पष्ट दिसते ते दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा भागामुळे, आणि त्याची कक्षा अरुंद असल्याने एका थांब्यात ढोबळमानाने एखादा शब्द व पुढच्या शब्दाची चाहूल एवढेच हाती लागते. सेकंदाला चार थांबे धरले तर मिनिटाला २४० शब्द होतात. आणि मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यासांतील आकडे एकत्र करून २०१९ मध्ये इंग्रजी माहितीपर मजकुराच्या मूक वाचनाची, म्हणजे ओठ न हलवता केलेल्या वाचनाची, प्रौढांची जी सरासरी काढली तीही मिनिटाला २३८ शब्दांची आहे.

मिनिटाला हजार शब्दांची भाषा रूढ झाली ती अमेरिकेत. एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये तेथे जलद वाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून हात खाली फिरवून डोळ्याला वाट दाखवणे, मनातल्या मनात होणारा शब्दोच्चार दाबणे आणि शब्दांचे पुंजके एका नजरेत घेणे, ही त्या पद्धतीची अंगे आजही निरनिराळ्या नावांनी मुलांच्या वर्गांत शिकवली जातात. परंतु हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यात चारांहून अधिक शब्द घ्यावे लागतील, आणि डोळ्याची रचना ते होऊ देत नाही. कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा जो आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की वेग आणि आकलन यांत देवघेव असते, म्हणजे वेग फार वाढवला की तेवढे समजणे कमी होते. शब्दसंग्रह आणि भाषेचा सराव वाढला तर मात्र समजूत न गमावताही वेग वाढू शकतो. पालकांनी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

तांदूळ निवडण्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. सरावलेली गृहिणी तांदूळ ताटात पसरते, तिची बोटे दाण्यांमधून फिरत राहतात, आणि पांढऱ्या दाण्यांत लपलेला पांढरा खडा ती क्षणात उचलून बाजूला टाकते. तिचा वेग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो, पण तो तिला कोणी वेग म्हणून शिकवलेला नसतो. दाणा कसा असतो, कणी कशी दिसते, तूस कोठे चिकटून राहते, हे हजारदा पाहिल्यामुळे तिला थांबावे लागत नाही, आणि थांबावे लागत नाही म्हणून हात भरभर चालतो. नवशिक्या मुलीच्या हाती ताट देऊन समोर घड्याळ ठेवले, तर तीही पाच मिनिटांत ताट रिकामे करील. खडे मात्र भातात जातील आणि ते जेवायला बसल्यावर दाताखाली येतील. वाचनातला खडा तर लगेच दाताखालीही येत नाही, तो परीक्षेत किंवा पुढच्या इयत्तेत लागतो, आणि तोपर्यंत कोणत्या धड्यातून तो आला हे कोणाला सांगता येत नाही.

मराठीत हे खडे कोठे असतात हेही पाहिले पाहिजे. मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नकारही त्याच्यालगतच असतो. ‘खालीलपैकी कोणती संख्या मूळ संख्या नाही?’ या प्रश्नातील शेवटचा शब्द घाईत सुटला की गणित येणाऱ्या मुलाचे उत्तरही चुकते. दुसरी गोष्ट प्रत्ययांची, म्हणजे शब्दाच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या आणि त्याचे वाक्यातील नाते सांगणाऱ्या अंशांची. ‘रामाने रावणास मारले’ आणि ‘रामास रावणाने मारले’ या वाक्यांत शब्दांचे आरंभ सारखेच आहेत, फरक आहे तो केवळ शेपटांत. आणि शब्दाचे तोंड पाहून पुढे उडी मारण्याची सवय लागलेले मूल नेमके शेपूट सोडते. ‘घरातल्यांनासुद्धा’ या एका शब्दात जेवढा अर्थ भरलेला आहे, तेवढा सांगायला इंग्रजीला अनेक शब्द लागतात, म्हणून इंग्रजीतील मिनिटाच्या शब्दांचे माप मराठी मुलाला जसेच्या तसे लावणे अन्यायाचे आहे. याशिवाय ऱ्हस्व वेलांटी आधी, मात्रा वर, उकार खाली आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, अशी आपल्या लिपीची मांडणी असते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद वेलांटीच्या दिशेवर अवलंबून असतो, आणि ‘जहाज’ या एकाच शब्दातील दोन ज वेगवेगळे उच्चारले जातात, हे मुलाला कानाने ऐकूनच कळते.

म्हणूनच मनातला उच्चार ही खोड आहे आणि ती मोडली पाहिजे, ही शिकवण लहान मुलांच्या बाबतीत हानिकारक आहे. पहिली-दुसरीतले मूल ओळीखाली बोट ठेवून पुटपुटत वाचते, तेव्हा डोळ्याने पाहिलेले चिन्ह ते कानाने ओळखत असलेल्या शब्दाशी जोडत असते. शब्द ओळखीचा झाला की बोट आपोआप सुटते आणि पुटपुटणेही मनात विरते. ‘बोट काढ, भरभर वाच’ असे त्याच्यावर ओरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की चालायला शिकणाऱ्या मुलाच्या हातचा पांगुळगाडा काढून घेतल्याने ते धावू लागत नाही.

याचा अर्थ वेगाला किंमत नाही असा होत नाही. एकेक अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाचे वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभाकडचे भान सुटते, हे शिक्षक जाणतात. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असे उद्दिष्ट आहे. पण तेथे ‘अर्थासह’ ही अट जोडलेली आहे आणि व्यवहारात नेमकी तीच गळते. २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचे वाचन तपासले जाते, आणि मूल सुटे शब्द म्हणून वाचते की वाक्य म्हणून, याकडे त्यात लक्ष दिले जाते. पालकांनीही कान तेथेच लावावा.

उपाय साधा आहे. अमेरिकी अभ्यासक जे सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची, म्हणजे लहानसा उतारा अस्खलित होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत मांडली, आणि पुढच्या प्रत्येक उताऱ्याला कमी आवर्तने लागतात असे नोंदवले. आवडती गोष्ट दहा दिवस तीच वाचून घेणारे मूल हेच करत असते, म्हणून ‘तीच गोष्ट पुन्हा काय?’ असे म्हणून त्याला थांबवू नये. मोठ्यांनी आधी वाचून दाखवावे, मग मुलाने वाचावे, आणि वाचून झाल्यावर ‘किती वेळ लागला’ याऐवजी ‘मग काय झाले’ असे विचारावे.

सातवी-आठवीपुढच्या मुलांना पुस्तक चाळण्याचे, म्हणजे अनुक्रमणिका, शीर्षके आणि परिच्छेदांची पहिली वाक्ये पाहून हवे ते शोधण्याचे तंत्र अवश्य शिकवावे. सुपात धान्य पाखडणे आणि ताटात निवडणे ही दोन कामे आहेत. पाखडण्याने फोलकट उडते, खडा मात्र सुपातच राहतो. चाळणे हे चाळणेच आहे आणि त्याला वाचन म्हणू नये, एवढे मुलांना कळले तरी पुरे. कोणता मजकूर पाखडावा आणि कोणता निवडावा याची पारख कशी द्यावी, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. ज्या घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही तेथे ही ओळख वाढणार कशी, हा शालेय ग्रंथालयांचा प्रश्नही नियोजित वेळेत केवळ उच्चारून ठेवावा लागत आहे.

उरलेल्या क्षणांत मूळ मुद्दाच पुन्हा सांगणे योग्य ठरेल, कारण तोच सर्वांत लवकर विसरला जातो : वेग सुटा काढून शिकवता येत नाही, ओळख वाढवता येते. आज रात्री मूल वाचायला बसेल तेव्हा घड्याळ उलटे करून ठेवावे, त्याच्या शेजारी बसावे, आणि अडलेल्या शब्दापाशी ते जितका वेळ थांबेल तितका वेळ त्याला थांबू द्यावे.