जुना संगणक देण्यापूर्वीं

बोहारणीच्या पाटींत जुना कोट टाकण्यापूर्वीं गृहिणी त्याचे खिसे उलटे करून पाहते. एखादी नोट, एखादी पावती, कधीं एखादें जुनें पत्र त्यांत सांपडतें. ही सावधगिरी कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु तेंच घर जेव्हां आपला जुना संगणक दुसऱ्यास देतें, तेव्हां त्याचे खिसे चांचपून पाहण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. कारण त्या यंत्राचे खिसे डोळ्यांना दिसत नाहींत.

हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांत उपस्थित झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला, आणि तिच्या मागून आलेली विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर चालत नाहीं. सोलापुरांतील एखादा गृहस्थ नवी पेठेंतून नवें यंत्र आणतो आणि जुनें अक्कलकोट तालुक्यांतील एखाद्या शाळेस, भाच्यास, अगर घरीं काम करणाऱ्या बाईंच्या मुलास देऊं करतो. हेतु उत्तम. देण्याच्या आदल्या रात्रीं तो आपल्या फाइली पुसतो, कचऱ्याची टोपली रिकामी करतो आणि यंत्र स्वच्छ झालें असें समजतो. तें झालेलें नसतें.

असें कां होतें हें समजून घेण्यास सोलापूरकरांना दूर जावयास नको. येथील चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर, भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून, उतरत आली आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्ध केली. आतां समजा, एका कारखान्यांत अशा शंभर माळा खुंट्यांवर टांगल्या आहेत, आणि कोणती माळ कोणत्या खुंटीवर आहे हें एका वहींत लिहिलें आहे. मालकानें वहींतील एका नक्षीचें नांव खोडलें, म्हणून ती माळ नाहींशी होते काय? ती खुंटीवर तशीच असते, आणि जाणता विणकर ती मागावर चढवून हुबेहूब तीच चादर काढूं शकतो. संगणकांत फाइल पुसणें म्हणजे बहुधा असें वहींतील नांव खोडणेंच होय. खुंटी मोकळी आहे अशी नोंद होते. तेथें दुसरी माळ येईपर्यंत पहिली जागची हालत नाहीं. घाईनें केलेल्या फॉरमॅटनें फार तर वही नवी होते. जुना मजकूर परत काढून देणारीं साधनें तर कोणासही फुकट मिळतात.

अमेरिकेंतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेंतील सिमसन गार्फिंकेल व अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनीं जुन्या बाजारांतून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. वाचतां आलेल्या १२९ डिस्कांपैकीं नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. इतरांत लोकांचा खाजगी व वैद्यकीय पत्रव्यवहार होता, क्रेडिट कार्डांचे हजारों क्रमांक होते. मोठ्या पेढ्याही यांतून सुटल्या नाहींत. जुनीं यंत्रें निष्काळजीपणें विल्हेस लावल्याबद्दल मॉर्गन स्टॅन्लीच्या एका शाखेस २०२२ सालीं तेथील नियामक मंडळानें ३ कोटि ५० लक्ष डॉलर दंड केला.

“आमच्या संगणकांत लपविण्यासारखें आहे तरी काय?” असें श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल. परंतु घरच्या यंत्रांत एकट्या घरधन्याचे कागद क्वचितच असतात. भाडेकरूच्या आधार कार्डाची प्रत असते. आईच्या रुग्णालयाचे अहवाल असतात. बहिणीच्या मुलीची पत्रिका व छायाचित्रें असतात. गृहस्थ सोसायटीचा चिटणीस असला तर सर्व सभासदांची यादी असते. यांपैकीं कोणीही ते कागद परक्या हातीं जावेत म्हणून दिलेले नव्हते. ब्राउझरनें लक्षांत ठेवलेले बँकेचे परवलीचे शब्द ही आणखी निराळीच गोष्ट. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा निव्वळ घरगुती कारणासाठीं ठेवलेल्या माहितीस लागू नाहीं. तेथें माणसाच्या विवेकावरच भिस्त. मात्र डॉक्टरांचें किंवा करसल्लागाराचें दफ्तर घरांतल्या यंत्रावर असलें, म्हणून तें घरगुती होत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. क्रम तेवढा संभाळला पाहिजे. प्रथम हव्या त्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. मग ई-मेल व इतर सर्व खात्यांतून बाहेर पडावें. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्यें ‘रीसेट धिस पीसी’ उघडून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावें. बहुतेक लोक फसतात ते येथेंच. पुढें ‘चेंज सेटिंग्ज’ खालीं ‘क्लीन डेटा’ असा एक पर्याय असतो, तो मुद्दाम चालू करावा लागतो. न केल्यास यंत्र नव्यासारखें दिसतें, पण माळा खुंट्यांवरच राहतात. चालू केल्यास कांहीं तास लागतात. म्हणून लॅपटॉप विजेला जोडून ठेवावा. ही सोय घरगुती वापरापुरती आहे, सरकारी कसोटीस उतरणारी नव्हे, असें खुद्द कंपनीच सांगते.

डिस्क पस्तीस वेळां पुसावी, असा एक समज आहे. तो पीटर गुटमान यांच्या १९९६ च्या निबंधावरून पसरला. फिरत्या चकतीच्या आजच्या डिस्कवर शून्यांचा एक पूर्ण फेरा सामान्यतः पुरतो, असें अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेनें २०१४ सालीं नमूद केलें आहे. एसएसडीची तऱ्हा मात्र वेगळी. तिच्यांतला कारकून एकाच फळीची झीज होऊं नये म्हणून नवा माल दर वेळीं निराळ्या फळीवर ठेवतो. त्यामुळें वरून लिहिलेलीं शून्यें जुन्या मजकुरावर पडतीलच अशी खात्री नसते. तेथें उत्पादकाच्या साधनानें ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा द्यावी. याहून बरें म्हणजे बिटलॉकरसारख्या सोयीनें पहिल्या दिवसापासूनच डिस्क सांकेतिक ठेवावी. मग किल्ली नष्ट केली कीं मागें राहील तें निरर्थक.

कांहीं जण भीतीपोटीं सबंध संगणकावरच हातोडा चालवितात. हा अतिरेक होय, कारण गुपित असतें तें एका लहानशा डिस्कमध्यें. यंत्र सुरूच होत नसेल, किंवा पुसण्यावर विश्वास बसत नसेल, तर बहुतेक यंत्रांतून डिस्क काढून घेतां येते. ती कपाटांत ठेवावी, अगर निकामी करून ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें नोंदलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावी. उरलेलें यंत्र चालण्याजोगें असलें, तर तें शाळेकडे खुशाल जावें. तेथें एक लहानशी नवी एसएसडी बसविली आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घातली, म्हणजे मुलांच्या कामास तें आणखी कांहीं वर्षें सहज पुरतें.