बंद झालेला कारखाना आणि न लिहिलेले नाव



विजेच्या गिटारी करणारा एक कारखाना बंद पडला, त्यावर आम्ही आज बोलणार आहोत. कुकडीच्या काठी, ऊस आणि टोमॅटो पिकवणाऱ्या गावात हा विषय कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. तेव्हा विषयाचा येडगावशी संबंध काय, हे प्रथम सांगून टाकतो.

नारायणगावच्या बाजारात आपला टोमॅटो जातो. तो क्रेटमध्ये भरला जातो, त्यावर व्यापाऱ्याची खूण पडते, आणि दुसऱ्या दिवशी तो शंभर कोसांवरच्या शहरात कोणाच्या तरी ताटात असतो. खाणारा म्हणतो, माल चांगला आहे. पण तो कोणाच्या रानातला, कोणी रात्री बारे देऊन वाढवला, हे त्यास ठाऊक नसते. त्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी टोमॅटो लावणे सोडले, तरी खाणाऱ्यास पत्ता लागत नाही. आम्ही ज्या कारखान्याची हकीकत सांगणार आहोत, त्याचे नेमके हेच झाले.

हा कारखाना जपानातला. त्या देशाच्या नागानो प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, मात्सुमोतो नावाचे शहर आहे. लहान मुलांना मातृभाषेप्रमाणे व्हायोलिन शिकविण्याची पद्धत ज्यांनी जगास दिली, ते शिनिची सुझुकी याच शहरात राहून शिकवीत. तेथे १९५१ साली मात्सुमोकु नावाचा सुतारकामाचा कारखाना निघाला. ‘मोकु’ म्हणजे लाकूड. मात्सुमोतोचे लाकूडकाम, एवढाच त्या नावाचा अर्थ. आरंभी तेथे काय होत असे? आपल्या घरोघरी जे सिंगरचे शिलाईयंत्र असे, तसल्या यंत्रांच्या लाकडी पेट्या आणि मेजे. पुढे रेडिओच्या पेट्या, दूरदर्शन संचांच्या पेट्या. काम साधे दिसते. पण लाकूड वाळवावे कसे, सांधा धरावा कसा, रोगण चढवावे कसे, हे सगळे शिक्षण त्या पेट्यांवर झाले. १९६० नंतरच्या दशकात हेच हात गिटारी करू लागले.

विजेची गिटार म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते आणि त्या पोकळीत आवाज घुमतो. विजेच्या गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारांच्या खाली लोहचुंबक बसविलेले असते आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. विहिरीवरची जळालेली मोटार वाइंडिंगला नेऊन ज्यांनी समोर उभे राहून भरून घेतली आहे, त्यांस हे वेढे डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीज खेळते. ती वाढवून कर्ण्यात सोडली की आवाज होतो. मग लाकडाचे काम ते काय उरले, असे कोणी म्हणेल. वस्तुतः पुष्कळ उरते. तारांचा एकूण ताण मणभर तरी असतो. तो सोसून दांडी वर्षानुवर्षे सरळ राहिली पाहिजे, आणि प्रत्येक पडदा आपल्या जागी सुरात बोलला पाहिजे. दांडी केसभर वाकली की वाद्य गेलेच. हे काम मात्सुमोकुमध्ये असे उतरे, की दांडी आणि अंगाचा मधला भाग एकाच सलग लाकडाचा ठेवून दोन्ही बाजूंस पंखांसारख्या फळ्या जोडण्याची अवघड तऱ्हाही तेथे कारखान्याच्या प्रमाणावर केली जात असे.

आता गंमत पाहा. या गिटारींवर नावे कोणती? कोणावर आरिया, कोणावर वेस्टोन, कोणावर व्हँटेज. अमेरिकेतील एपिफोन या जुन्या घराण्याचे नाव घेऊन विकल्या गेलेल्या गिटारीही १९७० पासून काही वर्षे येथेच होत. जगभरच्या हजारो वादकांनी ही वाद्ये गळ्यात अडकवली, आणि त्यांतील बहुतेकांनी मात्सुमोकु हा शब्द कधी ऐकलाही नाही. कारखाना दुसऱ्यांचे नाव मोठे करीत राहिला. काम मिळत होते तोवर त्यात कोणास गैर वाटले नाही.

मग दिवस फिरले. १९८५ नंतर दोन-अडीच वर्षांत डॉलरला मिळणारे येन जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकास जपानी माल तेवढा महाग झाला. कोरियात तेच काम स्वस्तात होऊ लागले. एपिफोनचे काम त्याआधीच तिकडे वळले होते. ज्या सिंगर कंपनीशी या कारखान्याचे जुने नाते होते, तिने १९८६ साली शिलाईयंत्रांचा धंदा स्वतःपासून वेगळा काढला. १९८७ साली मात्सुमोकु बंद झाला. वेस्टोन हे नाव मात्र पुढेही चालले. गिटारी कोरियात होऊ लागल्या, नाव तेच राहिले. दुकानात गिटार घेणाऱ्यास काही घडल्याचे कळले नाही. श्रोतेहो, या हकीकतीतील खरी दुःखाची गोष्ट आम्हांस ही वाटते. कारखाने बंद पडतातच. पण हा बंद पडला आणि त्याचा माल वापरणाऱ्यांस ते समजलेच नाही.

जपान्यांनी तरी कोणास सोडले होते, असेही कोणी विचारील. ते खरे आहे. स्वीडन देशात एल्व्हडालेन नावाचे एक आडबाजूचे गाव आहे. तेथील आल्बिन हागस्ट्रॉम या गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात अकॉर्डियन, म्हणजे भात्याची पेटी, विकण्याचा आणि पुढे करण्याचा धंदा काढला. त्यांच्या कारखान्यात १९५८ पासून विजेच्या गिटारी होऊ लागल्या, आणि पहिल्या गिटारींना अकॉर्डियनचेच चकचकीत सेल्युलॉइड मढविलेले असे. या घराण्याने वाद्ये विकली एवढेच नव्हे, ती शिकविण्याच्या शाळाही काढल्या. त्या गिटारींची बारीक आणि न वाकणारी दांडी जाणकार आजही वाखाणतात. पण स्वस्त जपानी मालापुढे टिकाव न लागून १९८३ साली तेथील गिटारींचे काम थांबले. म्हणजे स्वीडनच्या गावाला जपानने मागे सारले आणि चार वर्षांत जपानच्या त्या कारखान्याची तीच गत झाली. स्वस्ताईच्या शर्यतीत जिंकणारा फार दिवस जिंकलेला राहत नाही, हे शेतमालाच्या भावावर जगणाऱ्या आपणांस कोणी निराळे सांगावयास नको.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मिरज शहर सतारी आणि तंबोरे यांसाठी प्रसिद्ध आहे. हा धंदा तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फरीदसाहेब नावाच्या कारागिराने मांडला असे सांगतात. घराणे शस्त्रे करणाऱ्या आणि उजळणाऱ्या शिकलगारांचे. राज्ये गेली, तलवारींची मागणी संपली, आणि तेच हात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तारेच्या वाद्यांकडे वळले. पुढे या लोकांचे आडनावच सतारमेकर पडले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेसच. अब्दुल करीम खाँ मिरजेस येऊन राहिले आणि १९३७ साली निवर्तल्यावर तेथेच विसावले. असे गवई दाराशी असल्यावर कारागिराचा कान तयार न झाला तरच नवल.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा वाळवावा, त्यावर लाकडाची दांडी आणि तबली बसवावी, खुंट्या घालाव्या. येथवर कोणी हुशार सुतार पोहोचेल. खरी परीक्षा जवारीची. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानशीने असा काही घासावा लागतो की तार तिच्यावर पुरती टेकू नये आणि पुरती सुटूही नये. मग खाली सुताचा दोरा सरकवून ती जागा धरली, की एका तारेतून अनेक स्वर उमलू लागतात. घोडी किती घासावी, याचे माप कोणत्याही पुस्तकात नाही. ते कारागिराच्या कानात असते आणि बापाच्या शेजारी बसून दहा-बारा वर्षांत मुलाच्या कानात जाते. मुलगा शेजारी बसला नाही, तर ते कोठेच जात नाही.

आणि अनेक घरांतून मुलगा शेजारी बसेनासा झाला आहे. १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. तो त्यांच्या बुद्धीचा विजय होता; प्रवासात गवयाची फार मोठी सोय झाली. आता तर तंबोरा खिशातल्या फोनमध्ये वाजतो. शिवाय मिरजेचे वाद्य पुष्कळ वेळा दूरच्या शहरातील दुकानाची पाटी लावून विकले जाते. म्हणजे मात्सुमोकुचेच दुखणे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यामुळे मिरज हे नाव राखले जाईल. पण गावाचे नाव राखले जाणे आणि कारागिराचे नाव कळणे यांत अजून अंतर आहे.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. यंत्र आले की हातकाम जायचेच. मोट गेली, आपण रडत बसलो काय? आक्षेप खोटा नाही. मोट गेली हे चांगलेच झाले. ती ओढणाऱ्या बैलांनाही विचारले तर ते हेच सांगतील. जुने आहे म्हणून सगळेच ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपण नीट पाहिले तर या तिन्ही ठिकाणी वस्तू बदलूनच धंदा जगला होता. तलवारीतून सतार निघाली, शिलाईयंत्राच्या पेटीतून गिटार निघाली, अकॉर्डियनमधून गिटार निघाली. जोवर कसबी हात एका छपराखाली एकत्र होते, तोवर ते नव्या काळाला नवे उत्तर देत होते. कारखाना बंद होतो तेव्हा वस्तू जाते हे नुकसान थोडे; एकत्र बसलेले हात चहूकडे पांगतात हे मोठे. मग पुढची वस्तू त्यांच्यातून निघत नाही. आणि ते हात पांगू नयेत म्हणून वाईट दिवसांत धावून येईल असे गिऱ्हाईक लागते. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोण धावेल?

आपल्या परिसराला कलेची वाण नाही. विठाबाई भाऊ मांग यांनी नारायणगावचे नाव देशभर नेले; १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. त्यांच्या फडात जी ढोलकी कडाडत असे, ती मढविणारे हात कोणाचे? आपल्या देवळात सप्ताहात अहोरात्र जी वीणा गळ्यातून गळ्यात जाते, ती भुईवर टेकू नये म्हणून आपण इतके जपतो. ती कोणी केली, हे भजनी मंडळाच्या वहीत लिहिलेले आहे काय? पेटी कोणी दुरुस्त केली, पखवाजाला पुडी कोणी घातली? वही उघडून पाहावी, एवढीच विनंती आहे. बहुधा देणगीदाराचे नाव सापडेल. तेही असावे, पण त्याच्याखाली आणखी एक ओळ मावते.

म्हणून जाता जाता दोन-तीन साध्या गोष्टी सुचवितो. वाद्य घेताना दुकानदारास विचारावे की हे कोणी केले, आणि ते नाव वाद्याच्या आत किंवा वहीत लिहून ठेवावे. वाद्य बिघडले तर नवे घेण्याआधी ते करणाऱ्याकडे दुरुस्तीस पाठवावे. कारागिराचे घर नव्या कामाइतकेच दुरुस्तीवर चालते. गावातला एखादा मुलगा सुतारकामात हाताचा चांगला आणि कानाचाही चांगला निघाला, तर त्याला सुटीत मिरज दाखवावी. यास अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही.

मात्सुमोतोच्या त्या गिटारी आज जुन्या बाजारात हिंडतात. जाणते लोक आता त्या उलटून पाहतात, खुणांवरून ओळखतात आणि म्हणतात, ही त्या कारखान्यातली. ही ओळख पटली ती कारखाना बंद झाल्यानंतर. आपल्याकडचे कारागीर अजून दुकान उघडे ठेवून बसले आहेत. त्यांची ओळख आपण ते दुकान उघडे आहे तोवर करून घ्यावी, एवढेच सांगण्यासाठी आम्ही इतक्या दूरची कथा आपणांपुढे मांडली.