मनी, आजीची गादी आणि कॅटनिपची कुंडी

आज बोलतोय पन्हाळ्यावरून, आमच्या घराच्या मागच्या दारात बसून.

आमच्या मनीनं आजीच्या गादीचा पार कापूस बाहेर काढला होता. आजीनं शेवटचं सांगितलं, "आता एकतर गादी राहील, नाहीतर तुझं मांजर." मग मी कॅटनिप लावायचं ठरवलं.

कॅटनिप म्हणजे पुदिना-तुळशीच्या कुळातलं झाड. पान चुरगळलं की त्यातल्या नेपेटालॅक्टोनचा वास सुटतो आणि मांजर गाल घासतं, लोळतं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. सवय लागत नाही. मात्र काही मांजरांवर याचा जन्मजात परिणामच होत नाही, आणि लहान पिल्लांवरही नाही.

पहिल्यांदा मी जूनमध्ये बी पेरलं. चुकलंच! आपला गड तीन हजार फुटांहून उंच. पावसाळ्यात ऊन दिसत नाही, माती सुकत नाही. जुलैत मुळं कुजून रोपं गेली.

दुसऱ्यांदा दसरा झाल्यावर पेरलं. निम्मी माती, बाकी वाळू आणि थोडं शेणखत. बी बारीक असतं, वर मातीचा पातळ थर पुरे. वरची माती सुकली की मगच पाणी. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फुटवे येतात. कुंडीला जाळी लावा, नाहीतर मांजर त्यातच झोपणार! पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली नको, पत्र्याच्या आत उजेडात ठेवा.

आजी म्हणाली, "खोकलीच्या मुळावरबी मांजरं अशीच लोळत्यात की!" खरंय. परसात तणासारखी उगवणारी ती खोकली. पण मुळासाठी दरवेळी झाड उपटावं लागतं. कॅटनिपची पानं खुडली की परत फुटतात.

आता मुख्य काम. एका लाकडी खुंटाला काथ्या घट्ट गुंडाळला, त्यावर ताजी पानं चोळली आणि खुंट गादीशेजारीच ठेवला. रोज नाही हं, आठवड्यातून दोनदाच. सारखा वास दिला तर मांजर त्याकडे बघतही नाही. उरलेली पानं सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरली.

तीन आठवड्यांत मनी खुंटावर नखं काढायला लागली. आजीनं गादी पिंजून घेतली. परवा बघतो तर मनी त्याच गादीवर, आजीच्या पायाशी झोपलेली. आजी म्हणते, "हळू बोल, झोपलीय ती."

तुमच्या मांजरावर काय परिणाम झाला, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!