तारा फुटतो कसा, चमकतो कशाने

सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड साठते. लोखंडाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही. गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट झाले, की तो सेकंदभरात कोसळतो. कोसळणारे द्रव्य घट्ट गाभ्यावर आपटून उलटते आणि धक्का बाहेर निघतो. सिद्धान्ताची पंचाईत होते ती इथेच, कारण हा धक्का वाटेतच थबकतो. सगळीकडून सारखा गोल धरलेला तारा संगणकावर बहुधा फुटतच नसे! निसटणारे न्यूट्रिनो कण धक्क्याला मागून ऊर्जा पुरवतात, ही कल्पना १९६६ मध्ये कोलगेट आणि व्हाइट यांनी मांडली. खळबळणाऱ्या द्रव्याचे त्रिमितीय गणित जमू लागल्यावर ती बरीचशी साधली. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील स्फोटाचे सुमारे दोन डझन न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातील उपकरणांनी टिपले, तेही उजेड दिसण्याच्या काही तास आधी.

उजेडाचे कारण मात्र वेगळे आहे. फुटलेले द्रव्य पसरताना झपाट्याने थंड होते. महिनोन्‌महिने त्याला तेवत ठेवते ते स्फोटात तयार झालेले किरणोत्सारी निकेल. सहा दिवसांत ते निम्मे कोबाल्ट होते आणि कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मे लोखंड. म्हणून उत्तरार्धात प्रकाश कोबाल्टच्या गतीने मंदावतो.

ताऱ्याने मरणापूर्वी भोवती काय उधळले होते, हे रेडिओ लहरी सांगतात. धक्का त्या वायूत घुसतो, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत लहरी सोडतात. भोवतालचा वायू लांब लहरी आधी अडवतो, त्या उशिरा बाहेर येतात. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची, याच लांब लहरींसाठी आहे. मार्च १९९३ मध्ये मेसिए ८१ दीर्घिकेत दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे अशा फुटलेल्या ताऱ्याच्या, या लहरी सुमारे नऊ वर्षांनी खोडदला मोजल्या गेल्या आणि अमेरिकेतील ‘व्हेरी लार्ज ॲरे’च्या आखूड लहरींच्या मोजमापाशी जोडल्या गेल्या. पूनम चंद्रा, अलक राय आणि संजय भटनागर यांना वर्णपटात एक मोड सापडली: अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थकतात, त्याची ही खूण. तिच्यावरून २००४ मध्ये चुंबकीय क्षेत्र थेट निघाले, सुमारे ०.३३ गॉस. कण आणि क्षेत्र यांत ऊर्जा सारखी वाटली जाते या सोयीच्या गृहीतकाने येणाऱ्या आकड्याहून ते कितीतरी जास्त होते.