चिंचोक्यांची शाळा



आज मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी, आणि तेही पैसे न लागणाऱ्या खेळांविषयी बोलणार आहे. हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि पोरांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न घरोघर पडला आहे. काही घरांत त्याचे उत्तर दुकानातून येते; काही घरांत मोबाइल हाती देऊन प्रश्नच मिटवला जातो.

आधी माझी एक चूक सांगतो. मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याला किल्लीची आगगाडी आणली. ऐपतीपेक्षा ती महागच होती. दुसऱ्याच दिवशी त्याने ती उघडून आत काय आहे ते पाहिले. मी त्याला रागे भरलो आणि गाडी कपाटावर ठेवून दिली. पुढे कित्येक दिवस नवी वस्तू हाती दिली की तो आधी माझ्या तोंडाकडे बघे. आगगाडी परत चालू झाली, पण पोराचे कुतूहल बंद पडले, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून मी म्हणतो, खेळणे स्वस्त असणे हा नाइलाज नव्हे, तो त्याचा गुण आहे. जी वस्तू मोडली, हरवली तरी कोणी रागावत नाही, तिच्याशीच मूल मोकळेपणी खेळते. आणि मोकळेपणाशिवाय शिकणे नाही.

हे ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी करून दाखवले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसोरीची घोटीव, मापात बसवलेली साधने खेड्याला परवडणारी नव्हती. या बायकांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांचीच साधने केली. मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. ती 'अंगणवाडी'. १९५७ साली काम कोसबाडला गेले. तिथली पोरे गुरे राखीत, म्हणून कुरणशाळा निघाली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला.

आता आपल्या घरात या. दहा चिंचोके घ्या. काही उजव्या मुठीत, उरलेले डाव्या मुठीत. उजवी मूठ उघडा आणि विचारा, "इथे सहा, मग तिथे किती?" पाढे न घोकता बेरीज-वजाबाकी अंगात मुरते. डब्याची दोन झाकणे आणि सुतळी यांचा तराजू करा. बटाटा जड की कांदा, हे मुलाला आधी ओळखू द्या, मग तोलू द्या.

वाटीभर पाणी उंच पेल्यात ओता. पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, पाणी वाढले! स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. मुलाला खुळा म्हणू नका. पाणी परत वाटीत ओतायला सांगा आणि गप्प बसा. आज ना उद्या त्याचे त्यालाच उमगेल.

आणि मे महिन्यात आकाश आपल्याला फुकटचा खेळ देते. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. सकाळपासून तासातासाने खडूने सावलीची रेघ ओढा. मात्र सूर्याकडे कोणी बघायचे नाही, फक्त जमिनीकडे.

या खेळांना काहीच खर्च नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. लहानग्याने चिंचोका तोंडात किंवा नाकात घालू नये म्हणून जवळ कोणी तरी बसावे लागते. रोज अर्धा तास द्यावा लागतो, आणि दिवसभर राबून आलेल्या आईबापांना तो सोपा नाही. पण खरी किंमत तीच आहे. आगगाडी घेताना मी ती चुकवायला पाहत होतो.