झेंड्याची काठी कुणाच्या हातात?
(तळीये येथील भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक, गोदीतला कंत्राटी हमाल. कविता करतो. पण आज युनियनचं बोलणार.

२२ जुलै २०२१ ला या तळीयेवर दरड कोसळली. सत्तेतले आले, विरोधातले आले. गाड्या आल्या तशा गेल्या. पक्ष कसा येतो न् कसा जातो, हे तुम्हाला मी काय सांगू? आमच्या गेटवरही तसंच. सभेला ट्रक भरायचा तर आम्ही ‘कामगार बंधू’. बोनसची यादी निघाली की ‘ते कंत्राटी’!

मग युनियननं पक्षाचं तोंडच बघू नये का?

इतिहास काय म्हणतो बघा. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला माणूस भरलेला. पण विणखात्यात आपल्याला मज्जाव. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे. आपल्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटे. म्हंजे हे दार सोबत्यानंच लावलेलं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, ही मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत. तेव्हा कुठं नाइलाजानं घेतली.

१९३६ ला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या काँग्रेस सरकारच्या बिलाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या जोडीनं एक दिवसाचा संप केला. आधी स्वतःच्या पायावर उभे राहिले, मग हात दिला. हा क्रम विसरू नका.

उलटा क्रम घानात झाला. देश स्वतंत्र झाला, पण मध्यवर्ती कामगार संघटना एन्क्रुमांच्या पक्षाच्या खिशात. १९६१ ला सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे आणि बंदर कामगारांनी संप केला, तर त्यांचीच संघटना सरकारकडनं उभी. संपाचे पुढारी तुरुंगात. ही गोष्ट कळायला गोदीवाल्याला नकाशा लागत नाही.

तेव्हा मित्रांनो, पक्षाशी बोला, युतीही करा. पण वर्गणीची पेटी, सभासदांची यादी आणि संपाचा निर्णय, ही तिन्ही कामगाराच्या हातात ठेवा. मागणीपत्राची पहिली ओळ कंत्राटी मजुराची, सफाईवाल्याची, बाईची. उद्या गेटवर जो झेंडा येईल त्याला एवढंच विचारा:

आमच्यासाठी विणखात्याचं दार उघडतोस का?

नसेल, तर काठी आमची आहे. कापड घेऊन जा.