एका रानात इतकी झाडे कशी नांदतात?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, पैनगंगेच्या आश्रयाने किनवट आणि माहूर तालुक्यांत पसरलेले रान वनशास्त्राच्या वर्गवारीत शुष्क पानझडी, म्हणजे कोरड्या ऋतूत पाने गाळून ओलावा राखणारे जंगल गणले जाते. साग हा तेथील प्रमुख वृक्ष असला, तरी ऐन, धावडा, मोह, पळस, टेंभुर्णी आणि चारोळी हीही झाडे त्याच्या सोबतीने वाढतात. या सर्वांना ऊन, पाणी आणि मातीतील क्षारच हवे असतात; मग त्यांतील सर्वांत जोमदार झाडाने इतरांना हुसकावून सारे रान का बळकावले नाही?

दमट उष्णकटिबंधीय वनांत हे कोडे अधिकच अवघड होते. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांच्या अभ्यासक्षेत्रात झाडाझुडपांच्या सुमारे ३०० जाती आढळल्या, तर मलेशियातील लांबिर येथे ५२ हेक्टरांत हजाराहून अधिक. डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये याची जी उपपत्ती स्वतंत्रपणे मांडली, तिच्यानुसार सर्वाधिक बी मातृवृक्षाखाली पडते खरे, परंतु त्याच जातीवर पोसणारे किडे आणि बुरशीही तेथेच दबा धरून असल्याने तिची रोपे तेथे फारशी तगत नाहीत आणि रिकामी जागा दुसऱ्या जातीला मिळते. थोडक्यात, जी जात फार वाढते तिचे शत्रूही वाढतात आणि विरळ जातीला संधी लाभते.

शुष्क रानात मात्र जातींची संख्या बरीच कमी भरते. तमिळनाडूतील मुदुमलाई येथे, साग, ऐन आणि धावडा हीच झाडे ठळकपणे असलेल्या जंगलात, १९८८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेने आखलेल्या ५० हेक्टरांच्या क्षेत्रात सुमारे ७० जातीच नोंदल्या गेल्या. लांबलेला उन्हाळा आणि वणवा यांना तोंड देऊ शकणारी झाडेच अशा ठिकाणी टिकतात. शिवाय ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशीचा जोरही कोरड्या महिन्यांत ओसरतो. पावसाळ्याच्या अखेरीस सागाच्या पानातील हिरवा भाग अळ्या खाऊन टाकतात आणि शिरांची तपकिरी जाळी तेवढी उरते, तरी पाने आपसूक गळण्याचा काळ जवळ आलेला असल्याने सागाची सद्दी संपत नाही.

अशा रानातील सहजीवनाला जमिनीच्या आणि ऋतूंच्या वाटणीचाही आधार असतो. निचऱ्याच्या खोल जमिनीत साग फोफावतो, चिकण आणि ओलसर मातीत ऐन तग धरतो, तर खडकाळ उतारावर धावडा उभा राहतो. पळस फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर फुलतो, मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे गळतात आणि सागाला मोहोर येतो तो पावसाळ्यात, त्यामुळे परागण करणाऱ्या कीटकांसाठी आणि पाखरांसाठी या झाडांत ओढाताण होत नाही.

लातूर जिल्ह्यात जंगल अत्यल्प असल्याने तेथील वृक्षलागवडीला यातून घेण्यासारखा बोध आहे. एकाच जातीची झाडे दाटीने लावल्यास तिच्या किडीला सलग पोषण मिळते आणि जमिनीतील वैविध्य वाया जाते. म्हणून तेथील बालाघाट डोंगररांगेच्या उघड्या माळावर रोपे किती लावली याच्या जोडीने, कोणत्या उतारावर कोणती देशी जात लावली, हेही हिशेबात धरले पाहिजे.